पुस्तक छापले, आता चार प्रती पाठवा: गोव्यातल्या प्रकाशकांसाठी

पुस्तक निघायचे म्हटले की सभागृह, पाहुणे, पत्रिका, चहापाणी या सगळ्याचा हिशेब होतो. चार प्रती चार ग्रंथालयांना कायद्याने पाठवायच्या असतात, हे मात्र बऱ्याच जणांच्या यादीतच नसते. मोठ्या प्रकाशन संस्थेत हे काम पाहणारा एखादा कारकून असतो. गोव्यात लेखकाने स्वतः काढलेला कवितासंग्रह असतो, देवस्थान समितीची स्मरणिका असते, हायस्कूलचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ असतो. तिथे प्रकाशक कोण, याचाच आधी गोंधळ.

कायदा १९५४ चा. ग्रंथालयांच्या व्यवहारात त्याला ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स अ‍ॅक्ट’ किंवा नुसते ‘डी. बी. अ‍ॅक्ट’ म्हणतात. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. पुस्तकाबाबतची मागणी सरळ आहे: प्रकाशनाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या तीन ग्रंथालयांना, प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पोचती करायची. पुस्तकाची किंमत मागायची नाही, टपालखर्च मागायचा नाही, व्हीपीपी (घेणाऱ्याने पैसे भरून सोडवायचे टपाल) करायची नाही.

प्रकाशक म्हणजे पुस्तकात प्रकाशक म्हणून ज्याचे नाव छापले आहे तो. छपाई कोल्हापूरला किंवा पुण्याला करून आणली तरी जबाबदारी गोव्यातल्या प्रकाशकाचीच राहते. ‘प्रेसवाले पाठवतात’ हा समज जुना आहे आणि त्याला थोडा आधारही होता. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यात मुद्रकाने राज्य सरकारकडे पुस्तकाच्या प्रती द्यायच्या असत. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला, १८६७ चा रद्द झाला आणि पुस्तके नव्या कायद्यातून बाहेर पडली. त्यावरून ‘आता प्रती पाठवायची गरज उरली नाही’ असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे. १९५४ चा कायदा वेगळा आहे आणि जागच्या जागी आहे.

काय काय ‘पुस्तक’ ठरते

कायद्यातली व्याख्या ऐसपैस आहे. कोणत्याही भाषेतला खंड, खंडाचा भाग, पुस्तिका; शिवाय स्वतंत्रपणे छापलेले संगीताचे पान, नकाशा, तक्ता, आराखडा. म्हणजे ३२ पानांचा आरतीसंग्रह, गावाचा स्वतंत्र छापलेला नकाशा, मांडो या कोंकणी गीतप्रकाराच्या स्वरलिपीची पाने, नाटकाची संहिता, स्मरणिका हे सगळे यात येते. मराठी, कोंकणी, इंग्रजी, पोर्तुगीज असा भेद नाही. कोंकणी देवनागरीत असो की रोमी लिपीत, नियम तोच. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नसला म्हणून सुटका नाही, मोफत वाटले म्हणूनही नाही. सरकारी प्रकाशनेही यात आहेत. फक्त कार्यालयीन वापरापुरती छापलेली वगळली आहेत.

अनेक खंडांचा ग्रंथ असेल तर प्रत्येक खंड ज्याच्या त्याच्या प्रकाशनानंतर ३० दिवसांत. ‘चारही खंड झाले की एकदम पाठवू’ असे म्हणत पहिल्या खंडाची मुदत केव्हाच उलटते.

नव्या आवृत्तीला सूट आहे, पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: मजकुरात किंवा चित्रा-नकाशांत काहीही भर वा बदल नसावा, आणि आधीच्या आवृत्तीची प्रत जमा झालेली असावी. पहिल्या वेळी प्रती पाठवल्याच नव्हत्या, तर जसेच्या तसे पुनर्मुद्रणही पाठवावे लागते. नवी प्रस्तावना घातली, मुद्रणदोष सुधारले, एक परिशिष्ट जोडले, तरी प्रती पाठवायच्या.

दिवाळी अंकांचे काय, हा प्रश्न हमखास येतो. कायद्याने वेगळी काढलेली गोष्ट म्हणजे नियमाप्रमाणे निघणारे वृत्तपत्र, ज्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य असते. त्याचा प्रत्येक अंक निघताच अधिसूचित ग्रंथालयांकडे जायला हवा आणि ते काम अंकाच्या वितरण विभागाच्या रोजच्या यादीत बसवावे लागते. नोंदणी नसलेला, हौसेने वर्षातून एकदा काढलेला साहित्यिक अंक मात्र पुस्तक धरून पाठवून द्यावा. एवढ्या टपालखर्चासाठी व्याख्येचा कीस काढण्यात शहाणपण नाही.

ई-पुस्तकाची पीडीएफ ईमेलने धाडली म्हणजे काम झाले, असेही नाही. हा कायदा छापील प्रतीचा आहे. मागणीनुसार छपाई करणारे असाल तर स्वतःसाठी मागवाल त्यातल्या पहिल्या चार प्रती याच कामाच्या धरा.

छापखान्यात असतानाच करायची कामे

ऑर्डर देतानाच संख्येत वाढ करा. कायद्याच्या चार, पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दोन, दप्तरी दोन, आणि टपालात खराब झाली तर बदली म्हणून दोन: अशा दहा प्रती. तीनशेच्या आवृत्तीत त्यांचा खर्च जाणवत नाही. सगळ्या प्रती वाटून झाल्यावर चार जणांकडून परत मागायची पाळी आली की जाणवतो. लेखकाशी करार असेल तर या प्रती मानधनाच्या हिशेबात धरल्या जाणार नाहीत, असे एक वाक्य त्यात घाला.

शीर्षकपानामागचे पान नीट भरा. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता, मुद्रकाचे नाव व गाव, आवृत्ती, तारीख, किंमत, असेल तर आयएसबीएन. पुस्तक मोफत असेल तर ‘विनामूल्य’ असे छापा. किंमतीची जागा कोरी ठेवू नका. प्रकाशक म्हणून एकच नाव द्या. ‘प्रकाशक: अमुक मंडळ’, खाली ‘प्रकाशन सहकार्य: तमुक प्रतिष्ठान’ आणि मलपृष्ठावर तिसरेच बोधचिन्ह, असे झाले की नोंद करणारा बुचकळ्यात पडतो आणि पुस्तक भलत्याच्या नावावर चढते.

तारखेकडे विशेष लक्ष द्या, कारण ३० दिवस तिथून मोजले जातात. पुस्तक एप्रिलमध्ये छापून तयार, आत तारीख १ मे, पाहुण्यांना वेळ नाही म्हणून समारंभ जुलैत. असे झाले तर समारंभाची वाट पाहू नका. छापलेली तारीख आणि पहिली प्रत बाहेर गेली तो दिवस, यांत जे आधी असेल तिथून महिना धरा. समारंभाची तारीख पक्की असेल तर तीच आत छापा आणि दुसऱ्या दिवशी टपाल कचेरी गाठा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास प्रकाशन असेल तर पाकिटे आधीच बांधून ठेवलेली बरी. त्या दिवसांत छापखाना, बाइंडर आणि घरातली माणसे सगळीच सुट्टीवर असतात.

कोणती प्रत कुणाला

इथे चारही प्रती सारख्या नाहीत आणि ही बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्वांत चांगली हवी: ज्या उत्तम कागदावर एखादीही प्रत छापली असेल त्या कागदावरची, शिवलेली वा बांधलेली, सगळे नकाशे आणि चित्रे उत्तम प्रतीत असतील तशीच रंगीत व पूर्ण. म्हणजे पन्नास प्रती पुठ्ठा बांधणीच्या आणि बाकीच्या साध्या असतील, तर कोलकात्याला पुठ्ठा बांधणीची जाते. इतर तिघांना ज्या कागदावर सर्वाधिक विक्रीप्रती निघाल्या तशी, दुकानात ठेवता येईल अशा स्थितीतली प्रत चालते.

चालत नाही ती सदोष प्रत. छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यात सोळा पानी फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा) उलटा लागलेली, एखादा फॉर्म दोनदा आणि पुढचा गायब असलेली एखादी प्रत निघतेच. ‘हिचे काय करायचे? पाठवा ग्रंथालयाला’ हा मोह आवरा. पाकिटात घालण्याआधी प्रत्येक प्रतीचे पान न् पान उलटून पाहा. दोनशे पानांना पाच मिनिटे लागतात. पुस्तकासोबत घडीचा नकाशा किंवा सुटे शुद्धिपत्र असेल तर ते आतल्या पानाला कडेने चिकटवा. सुटे ठेवलेले शुद्धिपत्र पाकीट उघडतानाच हरवते.

प्रतीवर काहीही लिहू नका. ‘सस्नेह भेट’ आणि लेखकाची सही आली की ती प्रत भेटीदाखल आलेल्या पुस्तकांत जाऊन बसते आणि कायद्याखालची नोंद राहते बाजूला. बिल जोडले की ती खरेदीसाठी आलेली प्रत समजली जाते. नुसते पुस्तक पाकिटात घालून पाठवले तर ते अभिप्रायासाठी आले की देणगी म्हणून, हे पलीकडच्याला कळायला मार्ग नसतो.

पत्ते

कोलकाता: ग्रंथपाल, राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडिअर, अलिपूर, कोलकाता ७०००२७.
चेन्नई: ग्रंथपाल, कॉनेमारा पब्लिक लायब्ररी, पँथिऑन रोड, एग्मोर, चेन्नई ६००००८.
दिल्ली: दिल्ली पब्लिक लायब्ररी, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी मार्ग, दिल्ली ११०००६. जुन्या दिल्ली स्टेशनसमोर.
मुंबई: मध्यवर्ती ग्रंथालय, टाउन हॉल, शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई ४००००१.

मुंबईच्या पत्त्यात एक खाच आहे. टाउन हॉल म्हटले की एशियाटिक सोसायटी आठवते आणि अनेक याद्यांत चार ग्रंथालयांपैकी एक म्हणून तिचेच नाव असते. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा पत्ताही टाउन हॉलचाच आहे. पाकिटावर ‘मध्यवर्ती ग्रंथालय’ आणि ‘डी. बी. अ‍ॅक्ट’ हे दोन्ही शब्द ठळक घाला. मुंबईला जाणारे कुणी असेल तर हाती दिलेले सर्वांत उत्तम; पोचही तिथेच मिळते.

कोणत्याही ग्रंथपालांचे वैयक्तिक नाव पत्त्यात नको. ते बदलून गेले की पाकीट त्यांच्या मागे फिरते किंवा परत येते. आणि चारही प्रती एकाच पार्सलात कोलकात्याला पाठवून ‘पुढे तेच वाटतील’ असे समजू नका. ते वाटत नाहीत, वाटणे त्यांचे कामही नाही.

सोबतचे पत्र

एका पानाचे पुरे. मुंबईसाठी मराठी, बाकी तिघांसाठी इंग्रजी. मजकूर साधारण असा:

‘पुस्तके व वृत्तपत्रे यांबाबतच्या १९५४ च्या कायद्यान्वये खालील पुस्तकाची एक प्रत आपल्या ग्रंथालयात जमा करण्यासाठी पाठवत आहोत. कृपया लेखी पोच द्यावी.’

त्याखाली पुस्तकाचे नाव, लेखक, संपादक वा अनुवादक, भाषा व लिपी, आवृत्ती, प्रकाशनाची तारीख, पाने, आकार, किंमत, आयएसबीएन, विषय, मुद्रक, प्रकाशकाचा पत्ता, फोन आणि ईमेल. इंग्रजी पत्रात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव रोमन लिपीतही द्या आणि एका ओळीत पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगा. चेन्नईत तुमचे पुस्तक हाताळणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. देवनागरीतल्या कोंकणी पुस्तकावर ‘भाषा: कोंकणी’ असे स्पष्ट नसेल तर ते मराठीत गणले जाण्याची शक्यता मोठी. आडनावाचे रोमन स्पेलिंग लेखक स्वतः वापरतो तेच घ्या. प्रत्येक पुस्तकाला वेगळे स्पेलिंग दिले तर सूचीत एका माणसाचे तीन लेखक होतात.

पत्राच्या दोन प्रती काढा: एक पाकिटात, एक फायलीला. पाकिटात आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पोस्टकार्ड घातले तर पोच लवकर येते. ते बंधनकारक नाही, पण उपयोगी पडते.

पाकीट बांधणे आणि टपाल

जून ते सप्टेंबर गोव्यातून जाणारे पाकीट भिजणार, असे धरूनच बांधा. आधी प्लास्टिकची पिशवी, तोंड चिकटपट्टीने बंद. वर पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे. वर जाड कागद. पुठ्ठा नसला तर कोपरे दुमडतात आणि ‘विक्रीयोग्य स्थिती’ वाटेतच संपते. पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. शाईच्या पेनाने लिहिलेला पत्ता एका सरीत पुसला जातो.

डेमी आकाराचे, ७० जीएसएम कागदावरचे, साध्या बांधणीचे दोनशे पानी पुस्तक सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम भरते. पुठ्ठे हलके ठेवले तर पाकीट ३०० ग्रॅमच्या आत बसू शकते आणि हा आकडा महत्त्वाचा आहे. पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे दर ठरले, वर कर वेगळा. म्हणजे चारही ग्रंथालयांचे टपाल शंभराच्या आसपास निघते. ज्ञान पोस्टच्या पाकिटाचा माग काढता येतो, पण ते जमिनीवरून जाते, म्हणून कोलकात्याला वेळ लागतो. त्यात नियतकालिके चालत नाहीत, जाहिरातींनी भरलेली पुस्तकेही नाहीत, आणि पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवेच. देणगीदारांच्या जाहिराती असलेली स्मरणिका खिडकीवर अडू शकते. ती स्पीड पोस्टाने पाठवा.

मुदत संपायला आठवडा उरला असेल तरीही स्पीड पोस्टच. ‘रजिस्टर्ड पोस्ट’ ही जुनी स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळली, त्यामुळे खिडकीवर जुन्या नावाने मागू नका. ज्याला उद्देशून पाठवले त्यालाच मिळावे अशी नोंदणी आणि पोचवल्याचा दाखला जोडून मागा. साध्या बुकपोस्टाने पाठवू नका. पाकीट गहाळ झाले तर पाठवल्याचाही पुरावा हाती राहत नाही.

पोच आणि वही

ग्रंथालयाने लेखी पोच द्यावी असे कायद्यातच आहे. तरी ती येईलच असे धरून बसू नका. वहीत प्रत्येक पुस्तकाला एक पान द्या: प्रकाशनाची तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस, चार ओळींत चार ग्रंथालये, पाठवल्याची तारीख, टपालाचा क्रमांक, पोचल्याची तारीख, पोचेचा क्रमांक. टपाल पावतीवरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून पुस्तकाच्या फोल्डरात टाका. दीड महिन्यात पोच आली नाही तर टपालाचा क्रमांक देऊन ईमेल करा. पाकीट परत आले असेल तर कारण वाचा, वरचे वेष्टन जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात पुन्हा पाठवा.

न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि शिवाय पुस्तकाच्या किमतीइतका. खटला उभा राहतो तोही केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच. ही रक्कम वाचून कुणी घाबरत नाही, हे खरेच आहे. नुकसान होते ते दुसरीकडे. राष्ट्रीय ग्रंथालयात आलेल्या प्रतींवरून कोलकात्याचे केंद्रीय संदर्भ ग्रंथालय भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार करते. प्रत गेली नाही तर पुस्तक त्या सूचीत नाही, आणि उद्या काणकोणच्या लोकगीतांवर काम करणाऱ्या नागपूरच्या अभ्यासकाला ते अस्तित्वात आहे हेही कळणार नाही. गोमंतकीयांना तर हे वेगळे सांगायला नको. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

पणजीच्या प्रती आणि इतर नोंदी

पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत जाते आणि गोव्याविषयीचा, गोमंतकीय लेखकांचा मोठा संग्रह तिथे आहे. १९५४ च्या कायद्यातल्या चारांत ते नाही, तरी दोन प्रती तिथे स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. गोव्यातला वाचक कोलकात्याला जाणार नाही, तो पाटोलाच जाणार. दक्षिण गोव्यातल्या वाचकांसाठी नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयालाही एक द्यावी. पण उलट समजूत नको: पणजीत दिलेल्या किंवा अनुदानासाठी एखाद्या संस्थेला दिलेल्या प्रती कायद्याच्या चारांत धरल्या जात नाहीत.

आयएसबीएन ही निराळी गोष्ट. तो दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही. तो मिळाला म्हणजे प्रती जमा झाल्या असे नाही. कॉपीराइट नोंदणी हे तिसरे प्रकरण: ऐच्छिक, आणि तिथे दिलेल्या प्रती त्याच कामाच्या.

मागची पुस्तके राहिली असतील तर

मुदत उलटून पाच वर्षे झाली म्हणून पाठवायचे सोडू नका. जुनी यादी काढा, ज्याच्या चार चांगल्या प्रती शिल्लक आहेत ती पुस्तके आधी. एका ग्रंथालयाची सगळी पुस्तके एकाच पार्सलात, पण प्रत्येक पुस्तकाची माहिती वेगळ्या ओळीत. पत्रात उशिराबद्दल एक वाक्य पुरे, पानभर कारणे नकोत. एखाद्या पुस्तकाची एकच प्रत उरली असेल तर ती कोलकात्याला जाऊ द्या आणि त्याआधी तिची स्वच्छ स्कॅन प्रत करून ठेवा. मंडळ बंद पडले असेल आणि गठ्ठे शेवटच्या सचिवांच्या घरी माळ्यावर असतील, तर पावसाळ्याआधी ते खाली उतरवा. वाळवी लागलेली प्रत इतर पुस्तकांतही वाळवी नेते. तशी कुठल्याच ग्रंथालयाला पाठवू नका.